पैसा गावाचा, पारख कुणाची?



दावणीला खोंड आणायचा म्हटला की आपल्या घरात किती विचार होतो पाहा. किती पैसे मोडायचे हे आधी घरधनी आणि घरधनीण बसून ठरवतात. बाजारात जाताना गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घेतला जातो. तो दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. एवढे करूनही मन भरले नाही तर आपण रिकाम्या हाताने परत येतो. कारण पैसा आपल्या घामाचा असतो, आणि उद्या नांगराला जुंपायचे तेही आपल्यालाच असते.

हाच माणूस उद्या ग्रामपंचायतीवर निवडून जातो. गावच्या पाण्यासाठी मोटर घ्यायची असते. मासिक सभेत विषय येतो, कागद फिरतो, सह्या होतात. मोटर कुठल्या मापाची, किती खोलीवर बसणार, तिला तांब्याची तार आहे की दुसरी कसली, हे कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात, ऐन चैत्रात, मोटर जळते आणि गावच्या लेकी-सुना डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालू लागतात. मग पारावर चर्चा सुरू होते : कुणी पैसे खाल्ले?

बंधुंनो, कधी खाल्लेलेही असतात. पण पुष्कळदा कुणी एक पैसाही खाल्लेला नसतो. खरेदी कशी करायची हे कुणाला ठाऊक नसते, एवढेच. घरचा खोंड पारखणारी नजर पंचायतीच्या कागदावर गेली की झाकली जाते. सगळ्यांचा पैसा म्हणजे कुणाचाच नव्हे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. म्हणून आज सरकारी खरेदीविषयी बोलायचे आहे. विषय रुक्ष वाटेल, पण पिण्याचे पाणी, दवाखान्यातले औषध, अंगणवाडीतला खाऊ आणि आपला स्वतःचा कांदा, सारे काही या विषयात येते.

एका परिसरात चार थैल्या

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचा परिसर पाहा. इंग्रजांच्या काळापासून ही लष्कराची छावणी. तोफखान्याची शाळा काकूलहून येथे आली आणि देवळालीचे नाव साऱ्या फौजेत झाले. छावणीचा नागरी कारभार छावणी मंडळाकडे. त्याला २००६ चा छावणी कायदा लागू आहे आणि तो कारभार दिल्लीच्या संरक्षण मंत्रालयाच्या देखरेखीखाली चालतो. कॅम्पाला लागून भगूर, स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मगाव. तेथे नगरपरिषद आहे. जवळच्या संसरी आणि लहवित या गावांत ग्रामपंचायती आहेत. आणि देवळाली गाव नाशिक महानगरपालिकेत मोडते. ही महापालिका १९८२ साली स्थापन झाली.

म्हणजे सायकलवर बसून तासा-दीड तासात फिरून यावे एवढ्या टापूत चार प्रकारच्या संस्था. रस्त्यावरचा दिवा चौघींनाही लागतो. पाण्याचा नळ, जंतुनाशक पावडर, शाळेचा बाक, कचऱ्याची गाडी चौघींनाही लागते. पण थैल्या चार आणि कायदेही वेगवेगळे. छावणी मंडळ केंद्र सरकारच्या नियमांकडे पाहते आणि त्याचे हिशेब संरक्षण लेखा विभागाचे लोक तपासतात. ग्रामपंचायत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने चालते आणि तिचे हिशेब राज्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडे जातात.

नियमांची पुस्तके निराळी असली तरी गाभा एकच आहे. आपल्याला काय हवे ते आधी लिहून काढा. जो कोणी देऊ शकेल त्या सर्वांना उघडपणे विचारा. आलेले भाव सर्वांसमोर उघडा. माल आला की मोजा आणि तपासा. मगच पैसे द्या, आणि या सगळ्याची नोंद ठेवा. हे एवढे लक्षात राहिले तरी निम्मे काम झाले.

गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवतात, हे आपण सारे पाहतो. तेथे ते चालते, कारण पैसा ज्याचा त्याचा असतो. गावाच्या पैशाचा भाव मात्र उपरण्याखाली ठरता कामा नये. निविदा या शब्दामागे दुसरा अर्थ नाही.

महाराजांनी दिलेली ताकीद

हा विचार साहेबाने आणलेला नाही. शिवाजी महाराजांचे एक प्रसिद्ध पत्र आहे. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी पडली होती, तेव्हा तेथल्या जुमलेदारांना ते लिहिले गेले. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरेल अशी जपून वापरा, आताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील, असे महाराज बजावतात. शिपायांना लागेल ते धान्य, गवत, भाजी बाजारात जाऊन पैसे मोजून विकत घ्यावी, रयतेच्या घरात शिरून उचलू नये, अशी सक्त ताकीद देतात. रात्री जळता दिवा ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, इथपर्यंतचा बारकावा त्या पत्रात आहे.

या एका पत्रात सरकारी खरेदीचे सारे शास्त्र आले आहे. साठ्याची मोजदाद आली, रोख आणि रास्त खरेदी आली, मालाची राखण आली, आणि विकणाऱ्या शेतकऱ्याची कदरही आली. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. महाराजांनी नुसता दंडाचा धाक घातला नाही. असे का करायचे आणि न केले तर काय होईल, हे समजावून सांगितले. ताकीद आणि शिकवण दोन्ही एका पत्रात आली. आजच्या कारभारात नेमकी हीच जोडी फुटलेली दिसते.

खरेदी बिघडते कुठे?

पुन्हा त्या मोटरीकडे येऊ. गाव कुठलेही धरा. खरेदी पाच ठिकाणी बिघडू शकते.

पहिले ठिकाण म्हणजे मागणीचा कागद. ‘चांगल्या प्रतीची पाण्याची मोटर, एक नग’ एवढेच लिहिले तर दुकानदार त्याच्या मनात असेल ती देईल. विहीर वा बोअर किती खोल, पाणी किती उंच टाकीत चढवायचे, दर तासाला किती लागते, गावात वीजदाब किती मिळतो, हे मोजून लिहावे लागते. पाणबुडी पंपासाठी आय. एस. ८०३४ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख करावा लागतो. उलट बाजूनेही फसगत होते. कधी मागणीत अशा चमत्कारिक अटी घालतात की त्या एकाच दुकानदाराच्या मालाला लागू पडाव्यात. म्हणून दोन्हीकडे नजर हवी. कागद मोघम नको, आणि कुणाच्या अंगावर बेतून शिवलेलाही नको.

दुसरे ठिकाण म्हणजे तुकडे पाडणे. ठराविक रकमेवरच्या खरेदीला जाहीर निविदा लागते. महाराष्ट्र शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची नियमपुस्तिका काढली, तीत तीन लाखांवरच्या खरेदीला संगणकावरची ई-निविदा सांगितली. या मर्यादा वेळोवेळी आणि खात्याप्रमाणे बदलतात, तेव्हा चालू आकडा पंचायत समितीत विचारून घ्यावा. मर्यादा कोणतीही असो, ती चुकवण्यासाठी एकाच कामाची तीन-चार लहान बिले केली जातात. एकाच महिन्यात, एकाच दुकानातून, एकाच प्रकारच्या मालाची मर्यादेच्या किंचित आतली चार बिले दिसली की समजावे, येथे विचारायला हवे.

तिसरे ठिकाण म्हणजे दरपत्रके. तीन दुकानांची तीन दरपत्रके जोडलेली असतात, पण तिन्हींवरचे अक्षर एकाच हाताचे असते, किंवा तिन्हींत शुद्धलेखनाची तीच चूक असते. हे ओळखायला फार शिकलेला माणूस लागत नाही. चौथीतल्या मुलाच्या हाती ते तीन कागद द्या, तो सांगेल.

चौथे ठिकाण मालाची पोच. येथे तर शेतकऱ्यासारखा तपासनीस दुसरा नाही. सहा किलोचा पाइप आणि चार किलोचा पाइप यांतला फरक आपण हाताने ओळखतो, आणि पाइपावर छापलेलेही असते. आदेश सहा किलोचा आणि चरात पुरलेला पाइप चार किलोचा, असे झाले तर दोन वर्षांत जागोजागी गळती सुरू होते. माती टाकण्याआधी दोघा-तिघांनी चरापर्यंत जाऊन पाइपावरचा छाप वाचला तर केवढे नुकसान टळेल! माल आला की साठा नोंदवहीत त्याची नोंद, मोटरीवरचा क्रमांक, आणि बांधकाम असेल तर मोजमाप पुस्तिकेत मापे, ही झालीच पाहिजेत.

पाचवे ठिकाण म्हणजे वेळ. मार्च अखेर निधी परत जाईल या भीतीने घाईघाईत खरेदी होते. पिण्याच्या पाण्यात टाकायच्या टी.सी.एल. पावडरीचे उदाहरण घ्या. ताज्या पावडरीत सुमारे तेहतीस टक्के क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, ओल लागली, महिनेच्या महिने पडून राहिले की त्याचे बळ उडत जाते. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये, असे आरोग्य खाते सांगते. मार्चमध्ये वर्षाची पावडर एकदम स्वस्तात घेतली, हिशेबात बचत दिसली, आणि आषाढात गढूळ पाण्यात टाकली तेव्हा तिच्यात दमच नव्हता, तर गावात कावीळ आणि गॅस्ट्रो येणार. अशी स्वस्ताई काय कामाची? थोडी थोडी, ताजी घ्यावी आणि तपासून घ्यावी. सर्वांत कमी भाव म्हणजे सर्वांत चांगली खरेदी नव्हे, हे आता सरकारनेही मान्य केले आहे. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांत, काही कामांत भावाबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली आहे.

देखरेख कोण करते?

देखरेखीच्या यंत्रणा आपल्याकडे कमी नाहीत. देशाचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक आहेत. संतानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली स्थापन झालेला केंद्रीय दक्षता आयोग आहे. आपल्या महाराष्ट्राने तर १९७१ सालीच लोकायुक्तांचा कायदा केला आणि देशात प्रथम हे पद प्रत्यक्षात आणले. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा फोन आहे.

पद्धतीही बदलत गेल्या. पूर्वी राज्यात मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना दर करार ठरवीत असे आणि खाती त्या दराने माल उचलीत. २०१५ साली अंगणवाडीच्या चिक्कीसकट अनेक वस्तूंच्या दर करारावरील खरेदीवरून मोठे वादळ उठले. आरोप झाले, ते नाकारलेही गेले. पण निविदेविना एवढी मोठी खरेदी व्हावी काय, हा प्रश्न घरोघर पोचला. पुढच्या वर्षी नवी नियमपुस्तिका आली. केंद्रातही १९२२ च्या इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंटपासून चालत आलेली पुरवठा महासंचालनालयाची व्यवस्था २०१७ साली बंद झाली आणि २०१६ साली सुरू झालेली ‘जेम’ ही सरकारी बाजारपेठ पुढे आली. तेथे खरेदी संगणकावर होते. औषधांचे पाहा. राज्यातील सरकारी दवाखान्यांच्या औषधांची खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे दिली होती. औषधे वेळेवर येत नाहीत अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२३ साली स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. तामिळनाडूने असे महामंडळ १९९४ सालीच उभे केले होते.

एवढे सारे असूनही मोटर जळते. का बरे? कारण लेखापरीक्षक येतो तो पैसे खर्च झाल्यावर, कधी वर्षाने, कधी त्याहून उशिरा. पीक वाळल्यावर पाण्याची पाळी आली, तसे हे आहे. त्याच्या अहवालात आक्षेप लिहिला जातो, वसूलपात्र रक्कम काढली जाते. पण गावच्या बाईने तीन महिने डोक्यावर वाहिलेले पाणी कोणत्या रकान्यात वसूल होणार?

चोराला नियम पाठ, भोळ्याला नाहीत

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नुसती देखरेख वाढवली की कारभार सुधारतो, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की शिक्षणाविना देखरेख वाढवली तर भोळा माणूस मरतो आणि चोर सुटतो.

ज्याला पैसे खायचे असतात त्याला नियम पाठ असतात. त्याचे कागद चोख असतात, तीन दरपत्रके असतात, नोंदवही नीटनेटकी असते. माल मात्र हलका असतो. उलट ज्या सरळ माणसाने उन्हाळ्यात गावाची तहान पाहून, स्वतः उभे राहून, चांगली मोटर आणून बसवली, त्याच्याकडे दरपत्रक नसते, साठा नोंदवहीत नोंद नसते. लेखापरीक्षक कागद पाहतो. वसुली लागते ती या सरळ माणसावर. गावाला पाणी मिळाले आणि ज्याने दिले त्याच्या नावावर डाग लागला. हे पाहून पुढचा सरपंच काय शिकतो? काहीच करायचे नाही, सहीच करायची नाही, निधी पडून राहिला तरी चालेल. न केलेल्या कामाला आक्षेप येत नाही!

म्हणून शिक्षण हवे. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. २०११ साली महाराष्ट्राने पंचायतींत निम्म्या जागा महिलांना दिल्या. आपल्या माय-भगिनी सरपंच झाल्या, ही मोठीच गोष्ट झाली. पण चेकवर सही, हिशेबाचे तेहतीस नमुने, निविदेच्या अटी, हे सारे एका दिवसात अंगावर पडते. आता वित्त आयोगाच्या पैशाचे व्यवहार संगणकातून होतात आणि सरपंचाची सही डिजिटल असते, एका लहानशा किल्लीवर. पुष्कळ ठिकाणी ती किल्ली सरपंचाकडे नसून संगणक चालवणाऱ्याच्या किंवा आणखी कुणाच्या खिशात असते. बाईंनो, आपल्या तिजोरीची किल्ली आपण शेजाऱ्याच्या खुंटीला टांगतो काय? ती सही तुमची आहे. वसुली आली तर तीही तुमच्याच नावावर येईल.

शिकण्याची सोय आहे. पुण्याची यशदा, म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, पंचायतींच्या सदस्यांपासून मोठ्या अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना प्रशिक्षण देते. केंद्राने २०१८ साली राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियान सुरू केले, ते पंचायतींच्या लोकांच्या प्रशिक्षणासाठीच. फरिदाबादला राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत केंद्राच्या अधिकाऱ्यांना सरकारी खरेदीचे खास शिक्षण मिळते. छावणी मंडळांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी दिल्लीत संरक्षण संपदा खात्याची स्वतंत्र संस्था आहे. म्हणजे देवळाली कॅम्पच्या मंडळाचा मुख्य अधिकारी शिकून खुर्चीवर बसतो. मग लहवितची किंवा तुमच्या गावची सरपंच बाई न शिकता का बसावी? तिच्या हाताखालून जाणारा पैसा रकमेने लहान असेल, पण त्यावर अवलंबून असलेली माणसे तितकीच खरी आहेत.

प्रशिक्षण मात्र खरे हवे. सभागृहात बसवून, भाषण ऐकवून, चहा-बिस्किटे देऊन, हजेरीपटावर सही घेतली की झाले, असे नव्हे. जुने बिल हाती द्यावे आणि यात खोट कुठे आहे ती शोधा म्हणावे. चार किलोचा आणि सहा किलोचा पाइप समोर ठेवावा. नोंदवही स्वतः भरायला लावावी. शेतीशाळेत जशी कीड पानावर दाखवतात, तशी खरेदीतली कीड कागदावर दाखवावी.

सरकार जेव्हा आपल्याकडून घेते

आतापर्यंत आपण खरेदीदार म्हणून बोललो. पण शेतकरी हा सरकारला विकणाराही असतो, आणि येथे घाव थेट आपल्या घरावर पडतो.

नाशिक जिल्ह्याला हे सांगायला नको. भाव स्थिर ठेवण्यासाठी केंद्र सरकार नाफेड आणि एन.सी.सी.एफ. यांच्यामार्फत कांदा घेते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातशुल्कावरून असंतोष पेटला, तेव्हा सरकारने क्विंटलला २४१० रुपये दराने आणखी दोन लाख टन घेण्याचे जाहीर केले. ही सरकारी खरेदीच होती. कोणाचा कांदा घेतला, कोणत्या केंद्रावर घेतला, प्रतवारी कोणी ठरवली, पैसे कोणाच्या खात्यावर गेले, हे प्रश्न तेव्हापासून नाशिकच्या बाजारांत विचारले जात आहेत. खरेदी बाजार समितीच्या आवारात उघड लिलावातून व्हावी, ही शेतकऱ्यांची मागणी त्यातूनच आली. या मागणीचा अर्थ आपण वर पाहिलेलाच आहे : भाव उपरण्याबाहेर आणा.

देवळालीच्या फौजेलाही रोज भाजी लागते. लष्करासाठी ताजा भाजीपाला कंत्राटाने घेतला जातो. महालेखापरीक्षकांनी साऱ्या देशातल्या लष्करी शिधापुरवठ्याची तपासणी केली, तो अहवाल २०१० साली संसदेत आला. कंत्राटांत स्पर्धा तोकडी आहे, असे त्यात नोंदले गेले. स्पर्धा तोकडी असली की दोघांचे नुकसान होते. शिपायाच्या ताटात हलकी भाजी येते आणि मळ्यातल्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही. मधल्या मध्ये तिसराच पोसला जातो. बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, वेळेची बंधने, रोज ठराविक वजनाचा ठराविक माल, हे एकट्या दोन एकरवाल्याला झेपत नाही, हे खरे. पण गट केला, शेतकरी कंपनी काढली, तर निविदेचा कागद वाचता येतो आणि भरताही येतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल सुटली ती याच देवळाली स्टेशनातून, थेट बिहारमधल्या दानापूरला. हजार मैलांवर माल पाठवायची उमेद धरणाऱ्या परिसराने शेजारच्या कंत्राटाचा कागद वाचायला का कचरावे?

आपण काय करावे?

राजस्थानात १९९४ साली साध्या खेडुतांनी एक गोष्ट केली. मजूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनावणीत पंचायतीची बिले आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचून दाखवले. ज्यांची नावे हजेरीपटावर होती ते उभे राहून सांगू लागले, मी तर कामावर गेलोच नव्हतो. माहितीच्या अधिकाराची चळवळ तेथे फोफावली, आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या उपोषणांनी तिला बळ दिले, आणि २००५ साली देशाचा कायदा झाला.

तो कायदा आपल्या हाती आहे. दहा रुपयांचा अर्ज पुरतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. पुष्कळांना ठाऊक नसते ते हे की या कायद्याने नुसत्या नकला मिळत नाहीत. कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. म्हणजे त्या पाइपाचा तुकडा मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

पण अर्जाची पाळी येण्याआधी ग्रामसभा आहे. वर्षातून निदान चार सभा व्हायलाच हव्यात. पुढच्या सभेला जाताना हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या :

१. या वर्षी कोणती मोठी खरेदी होणार आहे, आणि तिची मागणी कोणी, कशी मोजून लिहिली?
२. भाव किती जणांकडून आले, आणि ते कोणासमोर उघडले?
३. आलेला माल कोणी तपासला? साठा नोंदवही येथे आणून दाखवाल काय?
४. मागच्या लेखापरीक्षणात कोणते आक्षेप निघाले, आणि त्यांची पूर्तता झाली काय?
५. सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवक म्हणतो) यांच्यापैकी खरेदीचे आणि हिशेबाचे प्रशिक्षण कोणी घेतले? ज्यांनी घेतले नाही त्यांना कधी पाठवणार?

पाचवा प्रश्न विसरू नका. पहिले चार प्रश्न सभेत वादळ उठवतील. पाचवा कारभार सुधारेल.

आणि विचारताना सुरात आरोप नको. सरपंच आपलाच भाऊ किंवा आपलीच वहिनी असते. ‘दाखवा’ म्हणण्याऐवजी ‘आम्हालाही समजावून सांगा’ म्हणावे. ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याला सांगायला आनंदच वाटेल. घरातल्या शिकलेल्या लेकीला ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचे खर्चाचे पान उघडायला सांगा आणि रात्री जेवण झाल्यावर ते सर्वांना वाचून दाखवू द्या. आजी-आजोबांनाही ऐकू द्या. कुठल्या विहिरीवर कोणती मोटर होती आणि ती किती वर्षे चालली, हे त्यांच्याइतके कुणालाच आठवत नसते.

पाण्याच्या समितीत, शाळेच्या समितीत बसणाऱ्या भगिनींना एकच सांगणे : न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, समजले नसेल तर पुन्हा विचारा, आणि ‘उद्या करते’ म्हणायला लाजू नका. एका दिवसाने काही बिघडत नाही. न वाचता केलेल्या सहीने मात्र गावाचा एक उन्हाळा बिघडू शकतो.